नरकदंडाची शंका आणि सेगावचा संवाद : दीनबंधू अँड्र्यूज यांचा धर्मविचार

प्रस्तावना :
वर्ध्याजवळील सेगाव (१९४० पासून सेवाग्राम) हे महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे राष्ट्रीय चळवळीचे केंद्र बनले. १९३६ पासून येथे धर्मांतराच्या प्रश्नावरही गंभीर विचारविनिमय झाला. त्यात सहभागी असलेल्या चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज (१८७१-१९४०) यांच्या भूमिकेमागे नरकदंडाच्या कल्पनेशी झालेला दीर्घ मानसिक संघर्ष होता. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

शंकेचा उगम :
केंब्रिजमध्ये शिकलेले आणि अँग्लिकन चर्चची दीक्षा घेतलेले अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. तेथे मुन्शी झकाउल्ला या वृद्ध मुस्लिम विद्वानाशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे त्यांनी झकाउल्लांचे चरित्रही लिहिले. अँग्लिकन उपासनेतील अथनेशियसचा मतांगीकार मात्र असे बजावतो की, ही श्रद्धा अखंड न राखणाऱ्याचा चिरंतन नाश अटळ आहे. ज्याची ईश्वरनिष्ठा प्रत्यक्ष अनुभवली, त्या स्नेह्यालाही हे वचन लागू पडते. १९१४ मध्ये अँड्र्यूज यांनी धर्मोपदेशकाची कार्ये थांबवली व ते शांतिनिकेतनात गेले. या निर्णयामागे इतर सैद्धांतिक शंकांबरोबरच या मतांगीकारातील शापवचनेही होती. येशूवरील त्यांची निष्ठा मात्र ढळली नाही.

गांधीजींचा अनुभव :
गांधीजींनाही हा प्रश्न नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना सांगितले होते की, येशूवर विश्वास ठेवल्यास पापाचे ओझे उतरते. आपल्याला पापाच्या फळातून नव्हे, तर पापवृत्तीतूनच मुक्ती हवी आहे, असे उत्तर गांधीजींनी दिल्याचे त्यांच्या आत्मकथेत नमूद आहे.

सेगावकाळातील संवाद :
नोव्हेंबर १९३६ मध्ये 'हरिजन'मध्ये या दोघांचा संवाद प्रसिद्ध झाला. ख्रिस्ताखेरीज तारण नाही ही भूमिका आपण फार पूर्वीच सोडली, असे अँड्र्यूज यांनी त्यात स्पष्ट केले. तरीही एखाद्याला मनःपूर्वक ख्रिस्ती व्हावेसे वाटल्यास काय, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येकाने स्वधर्मातच अधिक चांगले व्हावे, असे गांधीजींचे मत होते. ते अँड्र्यूज यांनी पूर्णतः स्वीकारले नाही.

निष्कर्ष :
नरकदंडाची कल्पना नाकारली म्हणजे सर्व धर्मभेद मिटले, असे अँड्र्यूज यांनी मानले नाही. मात्र नरकाची भीती दूर होताच धर्मांतराच्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. तो कोणाला वाचविण्याचा प्रश्न राहत नाही, तर व्यक्तीच्या सदसद्विवेकाचा ठरतो. म्हणूनच दोघांना मतभेद राखूनही मैत्री टिकवता आली. शंका ही श्रद्धेची शत्रूच असते असे नाही, तर काही वेळा ती श्रद्धेला भयमुक्त करते, हे अँड्र्यूज यांच्या उदाहरणावरून दिसून येते.