सोबती

‘सोबत’ हा शब्द आपल्याला अगदी घरचा वाटतो, पण तो मूळचा अरबी ‘सुहबत’. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येताना त्यातला ‘ह’ गळाला. आम्हा इंदूरकरांचे हिंदीभाषक शेजारी आजही ‘सोहबत’ म्हणतात, तेही बहुधा ‘बुरी सोहबत’ म्हणायची असली की! मराठीत वाईट असते ती संगत. सोबत मात्र भरवशाचीच.

गंमत अशी की ‘साहेब’ही याच धातूचा. अरबीत ‘साहिब’ म्हणजे आधी सोबती, मग बाळगणारा, धनी. प्रेषित महंमदांच्या सोबत्यांना ‘सहाबा’ म्हणतात ते यावरूनच. आपल्याकडे साहेब खुर्चीवर जाऊन बसला, सोबती शेजारीच राहिला.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण तो कोश राज्यकारभाराचा. माजघरातल्या सोबतीला कोण हात लावणार?

नागपूरकडे ‘आईसोबत’ म्हणतात, पुण्याकडे ‘आईबरोबर’. पुणेकर आमच्या मराठीला हिंदाळलेली म्हणतात, तेव्हा त्यांना आम्ही आवर्जून सांगतो, तुमचे ‘बरोबर’ही फारसीच! ‘बर’ म्हणजे छाती. ‘बराबर’ म्हणजे छातीला छाती लावून, एका पातळीत.

देशी ‘सवे’ आहेच, पण तो आता अभंगांत आणि भावगीतांत. भाजी आणायला निघताना ‘माझ्यासवे चल’ असे आमच्यापैकी कोणाच्याच घरात ऐकू येत नाही.