फिरतें रीळ व स्थिर रीळ

नदीवर गळ टाकणारास फिरतें रीळ घ्यावें कीं स्थिर, हा प्रश्न पडतो. त्याचें उत्तर या रिळांच्या इतिहासांत सांपडतें.

जुन्या रिळांत गळ फेकतांच सारें चाक फिरूं लागे. जड आमिष तें सहज फिरवी. हलक्या आमिषास तेवढा जोर नसे. आमिष पाण्यांत पडल्यावरही चाक थांबलें नाहीं, तर दोऱ्याचा गुंता होई. १८८४ सालीं स्कॉटलंडांतील पर्थ येथील मॅलॉक यांनीं फेकतेवेळीं आडवें वळणारें रीळ काढलें. दोरा कडेवरून सुटे. पण चाक पुन्हां सरळ करून तो गुंडाळतांना त्यांत पीळ सांचे.

पुढें १९०५ सालीं इंग्लंडांतील इलिंगवर्थ यांनीं स्थिर रिळाचें पेटंट घेतलें. ते ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यांतले. गिरणींत कांडी जागची न हलतां तिच्या टोकावरून सूत सुटतें. तोच न्याय त्यांनीं येथें लावला. गुंडाळतांनाही चाक न फिरतां भोंवतालची फिरकी फिरे.

मग जुनें रीळ टाकाऊ ठरलें काय? मुळींच नाहीं. बळकट मासा ओढ घेतो, तेव्हां फिरत्या चाकावर बोटांचा दाब थेट देतां येतो. म्हणून हलक्या आमिषास स्थिर रीळ घ्यावें. जड आमिष व मोठा मासा यांस फिरतें.