विद्यापीठाच्या इमारतीत वर्ग कुठे आहे?

इथे बसलेल्या बऱ्याच जणांकडे मुंबई विद्यापीठाची पदवी आहे. पण फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत आपण कधी शिकलो का? नाही. कळव्याहून गाडी पकडून आपण गेलो ते कॉलेजात. विद्यापीठ म्हणजे आपल्याला सीट नंबर आणि मार्कशीट. हे असं का, याचं उत्तर त्या इमारतीतच सापडतं, असं आम्हाला वाटतं.

1857 साली हे विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या नि पदव्या द्यायच्या. रानडे, भांडारकर 1862 साली बी.ए. झाले, तेव्हा विद्यापीठाला स्वतःची वास्तूच नव्हती. पुढे कोटाची तटबंदी पाडली, जागा मोकळी झाली. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले. ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव आहे. आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी ते काढले. सभागृह 1874 साली पुरं झालं, मनोरा 1878 साली.

आता नीट बघा. पदवी द्यायला सभागृह, पुस्तकांना ग्रंथालय, वेळ सांगायला मनोरा. शिकवायला वर्ग मात्र नाही! ही स्कॉटसाहेबांची चूक नव्हे. विद्यापीठाची त्या काळची व्याख्याच त्यांनी दगडात उतरवली.

व्याख्या बदलायला वेळ लागला. 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. प्रमुख कोण, तर पॅट्रिक गेडिस, शहररचनेचा जाणकार माणूस. विद्यापीठ आता स्वतः शिकवू लागलं. फोर्टात जागा पुरेना, म्हणून पुढे कलिन्याला विद्यानगरी उभी राहिली. तिथे मात्र विभागांच्या इमारती आहेत, वर्ग आहेत, झाडांखाली बसणारी मुलं आहेत.

आणि आता खाडीपलीकडे बाळकुमला उपकेंद्र आहे. त्याचे मजले किती, हे विचारू नका. कळव्याच्या मुलीला तिथे संध्याकाळी बसून वाचता येतं का, शिक्षकाशी बोलता येतं का, ते विचारा. नाहीतर फॉर्म भरायची आणखी एक खिडकी, एवढाच त्याचा अर्थ उरेल.