रोव्ह भुंगेऱ्यांची ओळख: एका तंत्राची कुळकथा

भारत आणि सिलोन येथील रोव्ह भुंगेऱ्यांवर १८५९ साली सविस्तर प्रबंध लिहिणारा बर्लिनचा गुस्ताव क्राट्झ आणि भुंगेऱ्यांच्या जाती ठरवताना नराचे जननांग तपासणे अत्यावश्यक आहे असे १८८१ साली ठासून मांडणारा क्राट्झ, हे एकच गृहस्थ होते. या योगायोगाकडे कीटकशास्त्राच्या इतिहासात फारसे कोणी लक्ष देत नाही. पहिल्या लेखनात रंग, आकार, अंगावरील बारीक टिंबे अशा बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवर भिस्त होती. दुसऱ्यात ती लक्षणे अपुरी ठरवली गेली. ही बावीस वर्षे या तंत्राच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची होत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

रोव्ह भुंगेरे म्हणजे स्टॅफिलिनिडी कुलातील, आखूड पंखावरणांचे आणि त्यामुळे बरेचसे उदर उघडे राहिलेले भुंगेरे. महाराष्ट्रातील हर्सूलच्या तलावाकाठची ओल, तिथला कुजका पालापाचोळा आणि शेताच्या बांधावरचे गवत हे त्यांना मानवणारे ठिकाण आहे. यांपैकी पेडेरस हा वंश पावसाळ्यात दिव्याकडे येतो; तो अंगावर चिरडला की त्यातील पेडेरिन या विषाने त्वचेवर रेघेसारखे फोड उठतात. काळे डोके, नारिंगी वक्ष, निळसर हिरवी पंखावरणे आणि काळ्या टोकाचे नारिंगी उदर हे पेडेरस फ्युसिपेसचे वर्णन त्याच्या कित्येक भाईबंदांनाही तंतोतंत लागू पडते. सात-आठ मिलिमीटरच्या या किड्यांत भेद करायचा तो पोटातल्या अवयवावरून.

त्यासाठी वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करतात, बारीक सुईने उदराचे शेवटचे खंड अलगद वेगळे करतात आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मांसल भाग विरघळवतात, म्हणजे कठीण आवरणाचे एडिएगस, अर्थात नराचे जननांग, स्वच्छ उरते. मधली नळी, तिच्या बाजूंची पॅरामिअर नावाची दोन उपांगे आणि नळीत घडी घालून बसलेली अंतःपिशवी, हे त्याचे भाग होत. बहुतेक रोव्ह भुंगेऱ्यांत हा अवयव उदरात कुशीवर वळलेला असतो, म्हणून तो कोणत्या बाजूने पाहिला हे चित्राखाली नमूद केले नाही तर तुलना फसते.

या तंत्राचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. प्रचलित मत फ्रेंच वैद्य लेओं द्युफूर यांना मान देते, कारण त्यांनी १८४४ साली द्विपंखी कीटकांच्या संदर्भात असे सुचवले की नराचा अवयव किल्ली आणि मादीचा अवयव कुलूप असून परक्या जातीशी संकर होऊ नये अशी ही निसर्गाची तजवीज आहे. परंतु द्युफूर यांनी दिले ते कारण, कार्यपद्धती नव्हे. आणि ते कारणही पुढे लंगडे पडले. नराच्या अवयवांत जातीगणिक प्रचंड फरक असताना मादीत तितका फरक पुष्कळदा आढळत नाही, हे विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ च्या ग्रंथात दाखवले आणि मादीने केलेल्या निवडीला श्रेय दिले. सिद्धान्त डळमळला, तरी भेद ओळखण्याची रीत टिकली. म्हणून रीतीचे श्रेय सिद्धान्ताच्या खाती जमा करणे योग्य नाही.

ही रीत भुंगेऱ्यांत रुजण्यास रोव्ह भुंगेरेच कारणीभूत झाले असावेत, असा येथे तर्क आहे. त्यांचे उदर उघडे व लवचीक असते, आणि पेडेरसच्या नराच्या उदराच्या टोकाकडील खालच्या पट्टावर मधोमध खोल खाच असते, जी मादीत नसते. अशा खाचांचे वर्णन करण्याची सवय जडलेल्या नजरेला त्या खाचेच्या आत डोकावणे फार दूरचे नव्हते. यावर आक्षेप असा की क्राट्झ पुष्पभुंग्यांचेही अभ्यासक होते आणि त्यांचा १८८१ चा लेख सर्वच भुंगेऱ्यांविषयी आहे. आक्षेप वजनदार आहे. तथापि १९१२ साली फ्रेडरिक म्यूर यांच्यासह भुंगेऱ्यांच्या नर जननांगांची तौलनिक रचना मांडणारे डेव्हिड शार्प हेही रोव्ह भुंगेऱ्यांचेच जाणकार होते, आणि एकाच वाटेने दोघे आले, हा निव्वळ अपघात मानणे कठीण जाते.

तरीही भारतात ही रीत सावकाश पोहोचली. नौदलातील शल्यवैद्य माल्कम कॅमरॉन यांनी १९३० ते १९३९ दरम्यान ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत या कुलाचे चार खंड लिहिले, पण त्यांतील भेद मुख्यत्वे बाह्य लक्षणांवर उभे आहेत. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एकुलता एक नमुना फोडण्यास कोण धजावेल? परिणामी पुष्कळ नावांची शहानिशा करायची तर मूळ नमुने उघडावे लागतात, आणि त्यांतील बरेचसे युरोपातील संग्रहालयांत आहेत.

हर्सूलच्या काठी भुंगेरे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच एवढे पथ्य पाळावे: प्रत्येक नराचे जननांग काढून, ते त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर, ठिकाण व तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह जपावे, आणि केवळ रंगावरून जातीचे नाव लिहू नये.