थायरॉइड काढल्यावर कोरा स्कॅन काय सांगतो?

आज केंदूरमध्ये हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर फाइल घेऊन पुण्याला, तिथून मुंबईला जाणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांचा प्रश्न एकच असतो: रोग परत आलाय का? हे शोधायची साधनं कशी आली, ते आज पाहू.

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. त्यांच्यापासून झालेला कर्करोगही बऱ्याचदा ही सवय सोडत नाही. १९३८ साली बर्कलीत लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी आयोडीन-१३१ शोधलं. ते आठ दिवसांत निम्मं होतं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या सायडलिन यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. थायरॉइड कधीच काढलेली, तरी शरीरात पसरलेल्या गाठी हे आयोडीन घेत होत्या. म्हणजे पत्ता लागला, आणि त्याच पत्त्यावर औषधही पाठवता आलं.

आपल्याकडे १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. त्या काळातला स्कॅनर शेतात पाभर चालावी तसा ओळीओळीनं अंगावरून फिरायचा. पुढे गॅमा कॅमेरा आला, तो सगळा भाग एकदम पाहू लागला.

पण अडचणी राहिल्याच. स्कॅनआधी काही आठवडे गोळी बंद ठेवायची, म्हणजे टीएसएच वाढतं आणि उरलेल्या पेशी आयोडीन घेतात. तेवढे दिवस रुग्ण मरगळतो, सुजतो. शिवाय लाळग्रंथी, जठर, मूत्राशयही चित्रात चमकतात. त्याआधी आयोडीनचं कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल, तर शरीर आयोडीननं आधीच भरलेलं असतं आणि स्कॅन फसवा निघू शकतो.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. काही पेशी आयोडीन घ्यायची सवयच सोडतात. १९७० च्या दशकात थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी आली, तेव्हा हे उघड झालं. रक्तातला आकडा चढलेला, स्कॅन मात्र कोरा! २००२ मध्ये परळच्याच केंद्रात देशातलं पहिलं पेट स्कॅनर आलं. अशा पेशी बऱ्याचदा साखर जास्त खातात, म्हणून त्या पेटमध्ये दिसतात. पण साधी सूजही त्यात चमकते आणि बारीक गाठ निसटते. मानेतल्या गाठींसाठी अजूनही साधी सोनोग्राफी आणि संशय आला तर सुई, हाच पहिला आधार आहे.

तेव्हा कोरा स्कॅन म्हणजे "रोग नाही" असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की आयोडीन घेणारं काही दिसलं नाही. एका चित्रावर आनंदून जाऊ नका, एका आकड्यानं घाबरूही नका. थायरोग्लोब्युलिनचे जुने आकडे तारखेनुसार लावून ठेवा, कॉन्ट्रास्ट कधी घेतलं ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना न विचारता दाखवा. उत्तर बऱ्याचदा त्या जुन्या कागदांच्या क्रमातच असतं.