काट्ये केकलबेक : एका प्रहसनाची हकीकत

आफ्रिकान्स भाषेच्या नाट्यवाङ्मयाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा एखाद्या भारदस्त जागेवरून प्रारंभ करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एस. जे. दु टॉइट यांनीं रचलेलें ‘माग्रिता प्रिन्सलो’ हें नाटक, किंवा सी. लुई लाइपोल्ट या वैद्यकवीची १९२३ सालीं छापली गेलेली ‘दी हेक्स’, म्हणजे ‘चेटकीण’, ही एकांकिका, यांचीं नांवें प्रथम घेतलीं जातात. तें यथायोग्यच आहे. परंतु या दोहोंच्या पुष्कळ आधीं एक स्त्री रंगमंचावर येऊन ही भाषा बोलून गेली होती, आणि घराण्याच्या वंशावळींत तिला कोठें बसवावें हा प्रश्न मोठा अवघड आहे. तिचें नांव काट्ये केकलबेक.

दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर ग्रॅहॅम्सटाऊन नांवाचें लष्करी ठाण्याचें गांव होतें. २०१८ पासून त्याला मखांडा म्हणतात. तेथील हौशी नटमंडळींनीं ५ नोव्हेंबर १८३८ रोजीं ‘काट्ये केकलबेक, अथवा हॉटेंटॉटांमधील जीवन’ हें प्रहसन करून दाखविलें. ‘हॉटेंटॉट’ हा शब्द आज शिवी समजला जातो, आणि त्या लोकांना खोइखोइ म्हणतात. प्रहसनाचें नांव सांगतांना मात्र तो टाळतां येत नाहीं. केकलबेक म्हणजे कलकलाट करणारी चोच. एकच प्रवेश, एकच पात्र, थोडें गाणें व थोडें भाषण, एवढाच सारा पसारा. दिवाकरांच्या नाट्यछटा वाचलेल्यांना हा घाट मुळींच परका वाटणार नाहीं.

काट्ये ही कॅट नदीच्या वसाहतींतील खोइखोइ बाई. ती मिशनच्या शाळेंत अक्षरें गिरवून आलेली आहे. तिला दारू आवडते, चोरीचें वावडें नाहीं, आणि तुरुंगाची वाट पाठ आहे. आपल्यावर अन्याय झाला असें ती ठसक्यानें सांगते, आणि वेळ पडल्यास लंडनला जाऊन एक्सिटर हॉलमध्यें गाऱ्हाणें मांडण्याची भाषा करते. हशा पिकावा तो येथेंच.

हा हशा समजण्यासाठीं पुढें कोण बसलें होतें तें पाहिलें पाहिजे. प्रेक्षक बहुतांशीं इंग्रज वसाहतवाले. त्यांतील पुष्कळजण १८२० सालीं सरकारी मदतीनें येथें येऊन स्थायिक झालेले. १८२८ च्या पन्नासाव्या वटहुकुमानें खोइखोइंना कायद्यापुढें गोऱ्यांच्या बरोबरीचें स्थान दिलें, आणि मजूर मुठींतून सुटला. १८३४ मध्यें भटकेपणाविरुद्ध कायदा करून त्याला पुन्हा जखडण्याचा बेत झाला, तो लंडननें हाणून पाडला. याच्या मागें लंडन मिशनरी सोसायटीचे डॉ. जॉन फिलिप यांचा हात होता, असें वसाहतवाल्यांचें मत; आणि तें अगदींच निराधार नव्हतें. १८३६ मध्यें फिलिप हे आन्ड्रीस स्टॉफेल्स हा खोइखोइ पुढारी व यान त्सात्सू हा खोसा सरदार यांना घेऊन विलायतेस गेले. पार्लमेंटच्या समितीपुढें दोघांच्या साक्षी झाल्या, आणि एक्सिटर हॉलच्या सभेंत लोकांनीं त्यांचें कौतुक केलें. स्टॉफेल्स पुन्हा घरीं पोहोंचला नाहीं. परतीच्या वाटेवर केपटाऊनजवळ त्याचा अंत झाला. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच काट्ये रंगमंचावर येऊन आपणही लंडनला जाणार असें सांगते, तेव्हां टोला कोणाला आहे हें प्रेक्षकांना समजावून सांगावें लागत नव्हतें.

लेखक अँड्र्यू गेडीस बेन. साहाय्यक फ्रेडरिक रेक्स. बेन हा मूळचा स्कॉटलंडमधील थर्सोचा, १७९७ चा जन्म. १८१६ मध्यें केपला आला आणि ग्राफ-राइनेट येथें खोगिरें करूं लागला. पुढें व्यापारी, प्रवासी, सैनिक, शेवटीं रस्ते बांधणारा. मिचेल्स पास व बेन्स क्लूफ हे घाट त्याचेच. ज्या १८३८ सालीं हें प्रहसन झालें, त्याच सालीं त्याला फोर्ट ब्यूफर्टजवळ दोन सुळ्यांच्या एका प्राचीन प्राण्याचीं हाडें सांपडलीं, आणि त्या देशाच्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून आज त्याचा मान आहे. असा जिज्ञासु मनुष्य इतकें कडवट कां लिहितो? त्याची स्वतःची एक जखम होती. १८३५ मध्यें खोसांकडून घेतलेल्या मुलखांत त्याला जमीन मिळाली होती. विलायत सरकारनें तो मुलूख परत करावयास लावला, आणि बेनची जमीन गेली. काट्येच्या तोंडून तो आपलेंही उट्टें काढीत होता.

परंतु मला यापेक्षां महत्त्वाची गोष्ट भाषेची वाटते. काट्येचें बोलणें निम्में मोडक्या इंग्रजींत, व निम्में त्या काळीं स्वयंपाकघरांतली डच म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलींत आहे. हीच पुढें आफ्रिकान्स झाली. प्रतिष्ठित मंडळी घरांत ती बोलत, पण लिहीत डच. छापील नाट्यांत ती अगदींच नवी नव्हती. बोनिफास या फ्रेंच गृहस्थानें १८३२ मध्यें छापलेल्या एका डच प्रहसनांतही हलक्या पात्रांच्या तोंडीं ती आहे. बेननें मात्र ती एकटीला रंगमंच मोकळा करून दिला. आपल्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो व दासी प्राकृत. पण प्राकृत बोलणें हा दासीचा गुन्हा ठरत नाहीं. येथें बोली हीच गुन्ह्याची खूण. आणि थट्टा साधावयाची तर बोली हुबेहूब हवी! त्यामुळें दगडाचे थर वाचणाऱ्या या मनुष्यानें ती इतक्या बारकाईनें टिपली, कीं जिची टर उडवावयाची तिचाच आवाज शाबूत राहिला.

प्रयोगानंतर महिना झाला नाहीं तोंच, १ डिसेंबर १८३८ रोजीं, केपच्या मुक्त गुलामांची सक्तीची उमेदवारी संपली. कॅट नदीच्या वसाहतीचें पुढें वाईट झालें. १८५१ मध्यें तेथील पुष्कळांनीं बंड केलें, तें मोडलें गेलें, आणि जमिनी गोऱ्यांच्या हातीं जाऊं लागल्या. १८७५ मध्यें पार्ल येथें ‘खऱ्या आफ्रिकानर मंडळी’ची संस्था निघाली, आणि बोलीला गोऱ्या शेतकऱ्यांची मातृभाषा म्हणून नवा पोषाख मिळाला, १९२५ मध्यें ती राजभाषा झाली. इस्लामी धर्मविधींवरील एक ग्रंथ याच बोलींत, अरबी लिपींत, १८७७ मध्यें इस्तंबूल येथें छापला गेला होता. अभिमानाच्या भरांत त्याचीही फारशी आठवण कोणाला राहिली नाहीं.

१९४९ मध्यें व्हान रीबेक सोसायटीनें बेनच्या रोजनिशा ग्रंथरूपानें छापल्या, त्यांत काट्येचें प्रहसनही घेतलें. पुढच्याच वर्षीं लोकसंख्या-नोंदणीचा कायदा झाला, आणि काट्येची भाषा बोलणाऱ्या तिच्या वंशजांची नोंद ‘रंगीत’ या सदराखालीं होऊं लागली. आज आफ्रिकान्स ही ज्यांची मातृभाषा आहे, त्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहींत.