पटलापासून सुरुवात

शाळेत पेशीची ओळख होते ती आकृतीतून. मधोमध केंद्रक, भोवती नावे दिलेली अंगके आणि या सगळ्याला वेढणारी एक रेघ. विद्यार्थी केंद्रकात मन लावून रंग भरतो, तंतुकणिकेतल्या घड्या काढतो. रेघ मात्र एका फटकाऱ्यात आटोपते. हे पुस्तक त्या रेघेपासून सुरू होते, कारण माझ्या मते पेशी समजून घ्यायची तर आधी तिची हद्द समजली पाहिजे.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत पेशीची खरी हद्द, म्हणजे प्रद्रव्यपटल, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारच नाही इतकी पातळ असते. मेदरेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने, एवढाच तिचा पसारा. जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. अशी लाखभर पटले एकावर एक रचली तरी एक मिलिमीटर भरत नाही.

पटल दिसत नसले, तरी त्याचे काम पाहता येते. लाल कांद्याच्या पाकळीवरचा जांभळा पापुद्रा काचपट्टीवर ठेवा आणि त्यावर मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा. थोड्याच वेळात प्रत्येक पेशीतला रंगीत भाग भिंतीपासून सुटून आत आक्रसतो. पाणी बाहेर पडले, रंग आतच राहिला. हाच तो रससंकोच. साधे पाणी घातले की बहुतेक पेशी पुन्हा भरतात. आता दुसरा पापुद्रा आधी उकळून घ्या आणि हाच प्रयोग करा. रंग बाहेर ओघळलेला असतो आणि मिठाच्या पाण्याने काहीही आक्रसत नाही. भिंत आहे तिथेच आहे. पटलाची निवड करण्याची ताकद तेवढी संपली आहे. वर्गात हे एकदा तरी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहावे, असे मला फार वाटते.

ही निवड फुकटात होत नाही. आपल्या पेशींच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे प्रथिन असते. ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून ते सोडियमचे ३ आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे २ आत घेते, अखंड. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये या प्रथिनाचा छडा लावला. एटीपी तयार होतो तोही मुख्यतः एका पटलाच्या जोरावर: तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साचतात आणि ते परत आत येताना एटीपी घडवणारे प्रथिन अक्षरशः फिरते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये या प्रोटॉन-प्रवाहाची कल्पना मांडली, तेव्हा अनेक जाणकारांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये तिला नोबेल मिळाले.

मग केंद्रकाचे काय? त्याचे मोल मी कमी करत नाही. पेशीला लागणाऱ्या बहुतेक प्रथिनांचे पाठ तिथेच जपलेले असतात. पण आपली तांबडी रक्तपेशी पाहा. पूर्ण वाढ होईपर्यंत तिने केंद्रकही टाकलेले असते आणि तंतुकणिकाही. तरीही सुमारे १२० दिवस ती केशवाहिन्यांतून अंग चोरत वाट काढते, साखरेच्या विघटनातून मिळणाऱ्या थोड्या एटीपीवर पंप चालवते आणि आपले पटल शाबूत ठेवते.

गडचिरोली, नंदुरबार या भागांतल्या अनेक आदिवासी कुटुंबांना याच तांबड्या पेशींचा सिकलसेल आजार जवळून माहीत आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पुढचे नुकसान पटलाचे असते: त्यातून पोटॅशियम आणि पाणी निसटते, पेशी आटते, आतले हिमोग्लोबिन आणखी दाट होते आणि तंतू आणखी लवकर बनतात. अशी पेशी बहुधा १० ते २० दिवसच टिकते. या आजाराला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ज्यांच्या घरात तो आहे, त्यांनी आधी ते वाचून मग मागे वळले तरी चालेल.